टोरिक लेन्स ठरवताना अक्ष कुठे चुकतो

मोतीबिंदूच्या पेशंटला तिरका नंबर (सिलिंडर) असला की टोरिक लेन्सचा, म्हणजे तो नंबरही भरून काढणाऱ्या, डोळ्यात बसवायच्या लेन्सचा विषय निघतो आणि घरचे लोक चष्म्याचा जुना कागद पुढे करतात. तो मी बघते, पण त्यातल्या सिलिंडर नंबरावरून लेन्स ठरवत नाही. त्या नंबरात मोतीबिंदू झालेल्या भिंगाचाही वाटा असतो आणि ते भिंग तर निघणारच असतं. मागे उरतो तो कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा तिरकेपणा. टोरिक लेन्सने भरून काढायचा तो तेवढाच.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना आधी थांबवते: मऊ लेन्स एक-दोन आठवडे बंद, कडक लेन्स तीन-चार आठवडे. बायोमेट्री, म्हणजे लेन्ससाठीचं डोळ्याचं यंत्राने माप, नेहमी थेंब घालण्याआधी आणि डोळ्याचं प्रेशर तपासण्याआधी, कारण दोन्हींनी कॉर्नियाचा पृष्ठभाग बिघडतो. "काका, हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, दोनदा पापणी मिटा, आता डोळा उघडा ठेवा." डोकं किंचित कललं तरी अक्ष, म्हणजे तिरकेपणाची दिशा, तेवढाच कलतो. स्क्रीनवर दिव्यांच्या ठिपक्यांची प्रतिबिंबं गोल आणि ठसठशीत हवीत. ती फाटकी, लांबट दिसली तर डोळा कोरडा आहे. अशा वेळी मी रीडिंग वापरतच नाही. काही आठवडे अश्रूंचे थेंब घालायला सांगून पुन्हा मोजते. पेशंटला फेरी जास्त पडते, पण चुकीच्या रीडिंगवर बसवलेली लेन्स त्याला जन्मभर छळते.

मग टोपोग्राफीशी, म्हणजे कॉर्नियाच्या वळणाच्या नकाशाशी ताळा. दोन यंत्रांच्या अक्षांत दहा अंशांहून जास्त फरक आला की पुन्हा मोजणं आलंच. नकाशातला 'बो-टाय' (तिरकेपणाचा बो-टायसारखा आकार) दोन्ही बाजूंना सारखा नसेल, केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याची) शंका असेल, तर टोरिकचं आश्वासन देऊ नये.

आकडेमोडीत सर्वांत जास्त फसवतो तो कॉर्नियाचा मागचा पृष्ठभाग. तो सरासरी 0.3 डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचं एकक) तिरकेपणा आडव्या अक्षावर घालतो. समजा कॉर्नियाची ताकद उभ्या अक्षावर 45.25 आणि आडव्यावर 43.25, म्हणजे फरक 2.00. अशा डोळ्यात मागचा वाटा सरासरीहून जास्त असतो, म्हणून खरा तिरकेपणा दीडच्या आसपास निघतो. नुसत्या पुढच्या मापावर गेलात तर टी5 ताकदीची लेन्स घ्याल (कॉर्नियाच्या पातळीवर 2.06 भरून काढणारी), आणि पेशंटचा नंबर उलटा होऊन बसेल, बहुधा टी4 पुरते (1.55). आडव्या अक्षावर ताकद जास्त असेल तर उलट: थोडी जास्त ताकद लागते. बॅरेट टोरिक कॅल्क्युलेटर हा हिशेब धरतो. त्यात सर्जनच्या छेदामुळे होणारा बदल मात्र सर्जनच्या स्वतःच्या आकड्यांवरून भरावा, 2.2 मिमीच्या बाजूच्या छेदाला तो सहसा 0.1 ते 0.2 इतकाच असतो.

मार्किंग, म्हणजे अक्ष ठरवण्यासाठी डोळ्यावर खुणा करणं, पेशंटला सरळ बसवूनच, दोन्ही डोळे उघडे, नजर लांब. आडवं झाल्यावर डोळा स्वतःभोवती फिरतो. सहसा दोन-चार अंश, कुणाचा दहाच्या वर. 0 आणि 180 वर बारीक खुणा करायच्या. शाई जाड पडली की खुणेची जाडीच पाच अंश खाते. एक अंश चुकला की लेन्सचा सुमारे 3.3 टक्के परिणाम जातो, तीस अंशांवर काहीच उरत नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर लेन्स घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतात आणि दहा-पंधरा अंश अलीकडे थांबवतात. मग लेन्सच्या मागचा व्हिस्को (ऑपरेशनमध्ये डोळ्यात भरलेला जेल) पूर्ण काढून शेवटची जुळवणी. मागे व्हिस्को राहिला तर लेन्स घसरते, तीही बहुतेक पहिल्या काही तासांतच. लांब डोळ्यांत, म्हणजे मोठ्या मायनस नंबरवाल्यांत, हा धोका जास्त. म्हणून दुसऱ्या दिवशी बाहुली मोठी करून लेन्सवरच्या ठिपक्यांचा अक्ष मोजते आणि फाइलमध्ये लिहून ठेवते. फिरवायचीच वेळ आली तर एक-दोन आठवड्यांत: तोवर पिशवी (मूळ भिंगाचं आवरण, जिच्यात लेन्स बसवतात) लेन्स पकडू लागलेली असते, पण चिकटून घट्ट झालेली नसते.