तोल जमला म्हणजे अहवाल बरोबर?

आज दिवसभर विहिरी-बोअरच्या पाण्याचे अहवाल चाळले. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर दिसलं की लगेच ‘खतामुळे’ असा शेरा मारायची घाई नको. आधी अहवाल भरवशाचा आहे का ते बघा, म्हणजे आयनांचा (पाण्यातल्या धन आणि ऋण विद्युतभाराच्या कणांचा) तोल बघा. लिटरमागे मिलिग्रॅमचा प्रत्येक आकडा त्या-त्या आयनाच्या तुल्यभाराने भागायचा: कॅल्शियम भागिले २०, सोडियम भागिले २३, बायकार्बोनेट भागिले ६१, क्लोराइड भागिले ३५.५, असं सगळ्यांचं करायचं. धन आणि ऋण बेरजांमधला फरक एकूण बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत हवा.

गंमत म्हणजे बाटली आठवडाभर पडून राहिली तर तिच्यात चुना बसतो. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सारखेच घटतात, त्यामुळे तोल मात्र झकास जमतो! म्हणून बाटली काठोकाठ भरा, पीएच आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे) विहिरीवरच मोजा.

कॅल्शियम कमी, सोडियम-बायकार्बोनेट जास्त, पीएच ८ च्या पुढे असेल, तर फ्लोराइड खडकातून आलंय हे पटतं. कॅल्शियम भरपूर असतं तर फ्लोराइड इतकं विरघळून राहिलंच नसतं.

नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर आणि क्लोराइडही चढं? पहिला संशय शोषखड्ड्यावर, गोठ्यावर. क्लोराइड कमी असेल तर युरियावर. पण संशयच हं. त्याच विहिरीचे मे आणि ऑक्टोबरचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय अहवालात ठाम काही लिहू नका.