कुफोरच्या मुठी

मंगळवार, रात्री साडेअकरा

जेवणानंतर मोबाईलवर १९९९ ची ती बार्सिलोनातली फायनल लावली, फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या कपची. पूर्ण नाही, इंज्युरी टाइमच फक्त, म्हणजे नव्वद मिनिटांनंतरची जादा मिनिटं. मँचेस्टर युनायटेडचे दोन कॉर्नर, दोन गोल, आणि हातची मॅच गेलेल्या जर्मनीच्या बायर्न म्युनिकचा डिफेंडर सॅमी कुफोर गवतावर पडून मुठीनं जमीन बडवतोय. रेफ्री कोलिना त्याला उठवतोय. ऊठ बाबा, शिट्टी व्हायचीय अजून!

२६ मे. टाँटनला गांगुलीचे १८३, द्रविडचे १४५; आख्खी गल्ली त्यातच दंग. रात्री सव्वाबाराला मी एकटा आवाज बंद करून टीव्हीसमोर, आतल्या खोलीत आई झोपलेली. मी तेव्हा डिफेन्सला खेळायचो, त्यामुळे बेकहॅम राहिला बाजूला, नजर कुफोरवर. घानातल्या कुमासीचा पोरगा, वय २२. बार्सिलोनातच १९९२ च्या ऑलिंपिकला घानानं ब्राँझ घेतलं होतं, फुटबॉलमधलं आफ्रिकेचं पहिलं पदक. त्या संघात हा होता, १५ वर्षांचा!

दोन वर्षांनी मिलानला व्हॅलेन्सियाला पेनल्टीवर हरवून बायर्ननं तो कप घेतलाच. त्याच नोव्हेंबरात टोकियोत अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये सामन्यातला एकुलता एक गोल कुणी केला? कुफोरनं. इंटरकॉन्टिनेंटल कप, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधला सामना, डिफेंडरच्या गोलवर आला. पण नाव काढलं की लोकांना आठवतात त्या मुठीच.

मला छळतो तो कुफोरचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा पास. २००६, घानाचा पहिलाच वर्ल्ड कप, पहिलीच मॅच, इटली एका गोलनं पुढे. ८३ व्या मिनिटाला यानं गोलकीपरकडे बॉल मागे दिला, तो तोकडा पडला आणि इटलीच्या इयाक्विंटानं मधेच गाठला. २-०. पुढे घानानं चेक आणि अमेरिकेला हरवून बाद फेरी गाठली, पण कुफोरला त्या स्पर्धेत पुन्हा उतरवलं नाही.

असला पास मीही दिलाय. आदल्या रात्री वळीव झालेला, गोलसमोर चिखल. बूट बॉलला लागला तेव्हाच पायाला कळलं, जोर कमी पडला. मग धावून उपयोग नसतो, तरी धावलो.

मॅच संपल्यावर नळाखाली बूट धूत बसलो होतो. शेजारच्या नळावर आमचा गोलकीपर. एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.