केबिनमधले लाकूड आणि वरून येणारे पाणी

गेल्या एप्रिलमध्ये मालवणात मी एक जुनी, २२ फुटी शिडाची बोट विकत घेतली. तिचे अंग फायबरचे असल्यामुळे शाबूत होते. केबिनमधले लाकूडकाम मात्र पार गेले होते. खिडकीखालच्या प्लायवर पटाशी टेकवली, तर ती जोर न लावताच आत गेली आणि भिजलेल्या खारीसारखे पापुद्रे हातात आले. पाणी तळातूनच झिरपत असणार, असे मी धरून चाललो होतो. मेस्त्रींनी तळाशी साचलेले पाणी बोटावर घेऊन चाखले आणि म्हणाले, "भाऊनू, ह्या पाणी खारा नाय. वयसून येता ता."

लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर पोसते. खाऱ्या पाण्यात तिचा फारसा जोर चालत नाही. त्यामुळे जन्मभर समुद्रात राहिलेल्या बोटीचे लाकूडही बहुधा पावसाच्या पाण्यानेच कुजते. आमच्या बोटीत ते खिडक्यांच्या चौकटींतून आणि डेकवरच्या कड्यांच्या स्क्रूंमधून उतरत होते. म्हणून आतल्या कामाला हात लावण्याआधी प्रत्येक कडी काढून, भोक मोठे करून, ते इपॉक्सीने, म्हणजे सुकल्यावर दगडासारख्या घट्ट होणाऱ्या रेझिनने, बुजवून पुन्हा नव्याने पाडावे लागले. या कंटाळवाण्या कामात पूर्ण मे महिना गेला.

पावसाळ्यात बोट ताडपत्रीखाली ठेवून सुतारकाम घरच्या पडवीत केले. बोटीत काटकोन असा कुठेच नसतो, तेव्हा कुजलेला तुकडासुद्धा फेकून न देता त्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापावा लागतो. प्लाय आयएस ७१० चाच, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचाच घेतला. दुकानदार 'हाही वॉटरप्रूफच' म्हणत आयएस ३०३ चा साधा घरगुती प्लाय पुढे करतो. तो स्वयंपाकघरात चालेल, बोटीत नाही. शिवाय पाणी प्लायच्या कडेतून शिरते, म्हणून कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सीचे दोन हात दिले.

सागवानी पट्ट्या मात्र जुन्याच ठेवल्या. काळ्या पडलेल्या पट्टीवर रंधा फिरवला, तेव्हा सालीखालून मधासारखा रंग आणि कोऱ्या सागाचा वास बाहेर आला. सागात अंगचे तेल असल्यामुळे व्हार्निशआधी तो अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावा लागतो. पहिला हात निम्मे टर्पेंटाइन मिसळून पातळ द्यायचा, म्हणजे तो लाकडात मुरतो, आणि पुढच्या प्रत्येक हाताआधी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचे. मला धीर नव्हता. ऑगस्टमध्ये एका दमट दुपारी मी एक पट्टी रंगवली आणि सकाळपर्यंत ती ताकासारखी पांढुरकी झाली. मेस्त्री काही बोलले नाहीत, फक्त खरवडायची पात माझ्या हातात दिली. उरलेले सहा हात दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत दिले.

बंकखालच्या कप्प्याचे दार अजून दोन सूत आखूड आहे. तिथे मी पट्टी मारणार आहे.