पळणारी दासी

रविवार, रात्र

पाय ठणकताहेत, तरी झोपायच्या आधी लिहून टाकते. वेरूळला आज कैलास लेण्यात बाकी सगळं भराभर पाहिलं आणि देवळाच्या दक्षिणेकडच्या रावणापाशी मुक्कामच ठोकला. घोळके येत होते, 'हा रावण, वर शंकर-पार्वती' एवढं ऐकून फोटो काढून पुढं सरकत होते.

गोष्ट आपल्याला पाठच असते. रावण कैलास उपटायला बघतो, शंकर अंगठ्यानं डोंगर दाबतो. रावणाला खाली इतकं खोल कोरलंय की तो मागच्या दगडापासून जवळजवळ सुटा झालाय. हातांचा नुसता पंखा पसरलाय. त्या कोनाड्यात सावली साचते, त्यामुळे त्याची सगळी ताकद अंधारातून वर ढकलल्यासारखी वाटते. वर पार्वती एका अंगावर कललीय, तोल गेलाय आणि तिनं नवऱ्याचा दंड गच्च धरलाय. भूकंप दाखवायला आणखी काय लागतं? शंकर मात्र ढिम्म. कष्ट म्हणून नाहीत त्या पायाला.

आणि कडेला ती दासी. आपल्याकडे पाठ करून थेट दगडाच्या आत पळत सुटलेली. चेहरा दिसतच नाही. घाबरलेला चेहरा कोरणं त्यामानानं सोपं असावं: डोळे विस्फारले, तोंड उघडलं की झालं. इथं भीती पाठीत आहे, उचललेल्या पावलात आहे. काळ्या बसाल्टमध्ये आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याच्या काळात कोणा अनाम कारागिराला हे सुचलं! या देवळाला 'रंगमहाल' म्हणायचे, वरून गिलावा आणि रंग होता. तो बहुतेक गेला, नाकं-बोटं झिजली, तरी हिची धावपळ तशीच आहे. भाव चेहऱ्यावर असता तर कधीच पुसला गेला असता.

२९ नंबरच्या लेण्यातही हाच प्रसंग आहे. मूर्ती भव्य, पण मला तिथं ही धांदल जाणवत नाही. (तोवर मी दमलेही होते, तेही असेल.)

परतताना एका गाईडकाकांना दासीबद्दल विचारलं. "ती होय? ती नोकराणी," म्हणाले आणि पुढं गेले. मला तर वाटतं, अख्ख्या पटात व्यवहाराची अक्कल तेवढी हिलाच आहे. डोंगर हलतोय म्हटल्यावर बसून कोण राहील?