पद्मिनीचे बुश बदलताय? शेवटचा नट गाडी जमिनीवर आल्यावरच कसा

जुन्या गाडीत मागून खटखट सुरू झाली की सगळ्यांचा पहिला संशय शॉकअपवर. आमची 1978ची पद्मिनी, फिएट 1100 वरून कुर्ल्याला बनायची तीच, बाबांची. रामबागेतल्या स्पीड ब्रेकरवर मागून खट्ट, आणि महूच्या रस्त्याला वळणावर मागचा भाग जरा आपल्या मनाने सरकायचा. एका गॅरेजात शॉकअप बदलून दिले, बिल झालं, आवाज तसाच.

मग गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घेतली, मागच्या पाट्याच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, टोकाशी पहार लावून ढकललं तर बोल्ट चक्क आतल्या आत हलत होता. बुश गेलेले!

बुश म्हणजे पाट्याच्या टोकाच्या भोकात बोल्टभोवती बसतो तो तुकडा, बाहेर लोखंडी कवच, आत बारकी नळी आणि दोन्हींच्या मधे रबर. बोल्ट कसला की आतली नळी आवळली जाते, ती फिरत नाही, पाटा वरखाली झाला की मधलं रबर पिळलं जातं आणि परत जागेवर येतं. घासायला तिथे काही नाहीच, म्हणून ग्रीसही लागत नाही, उलट साध्या ग्रीसने नि इंजिन ऑइलने रबर फुगतं. लोक प्रेमाने ग्रीस चोपडतात, कृपा करून नका चोपडू, बसवताना साबणाचं पाणी पुरतं.

जुने काढले तेव्हा एका बाजूला रबर कागदाइतकं पातळ उरलेलं, नळी मधोमध सोडून पार कडेला टेकलेली, नखाने खरवडलं की काळा चुरा. कवच गंजून घट्ट बसलेलं. मेकॅनिक चाचा म्हणाले, "भैया, गैस से जला दो, दो मिनट का काम है." मी म्हटलं नको चाचा, पाट्याचं स्टील तापलं तर त्याची लवचिकता जाते. मग रबर ड्रिलने मोकळं केलं, हॅकसॉचं पातं आत घालून फक्त कवच कापलं, पाट्याला ओरखडा न येऊ देता, आणि छिन्नीने आत दुमडून काढलं. वेळ लागला पण चाचांनाही पटलं.

आता खरी गोष्ट. गाडी घोडीवर असताना अ‍ॅक्सल लटकलेला असतो, पाटा नेहमीपेक्षा जास्त वाकलेला. तिथेच नट पूर्ण कसला तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, मग गाडी खाली आली की नुसत्या उभ्या गाडीतही ते पिळलेलंच राहतं, रस्त्यावर आणखी पिळलं जातं आणि लवकर फाटतं. दोष मात्र नव्या पार्टला! म्हणून नट हलकेच लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी मागेपुढे ढकलायची, डिकी दाबून हलवायची, आणि मग खाली शिरून शेवटचं कसायचं. खड्डा नसेल तर चारही चाकांखाली जाड फळ्या ठेवा आणि चाकांना पुढूनमागून अडण लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका.

दुकानात "जुना ओरिजिनल माल" मिळाला तरी बोटाने दाबून बघा, डब्यात पडून पडूनही रबर कडक होतं. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण कडक असतात, रस्त्याचा प्रत्येक दणका आत येतो, पद्मिनीसारख्या मऊ चालणाऱ्या गाडीला मी तरी रबरच लावीन.

पुढच्या आर्मचे (पुढची चाकं धरणाऱ्या दांड्यांचे) बुश मी चाचांवरच सोडले. तिथे दाबलेली कॉइल स्प्रिंग असते, ती सुटली तर हात मोडेल, स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर आणि सवय दोन्ही पाहिजे. आणि पुढचे बदलले की चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ले जातील.