माळवदाचे थर, कागदावर

दौलताबादचा घाट चढून खुलताबादच्या वाटेला लागलं की कागजीपुरा येतं. वेरूळला निघालेल्या गाड्या इथे सहसा थांबत नाहीत. मी मात्र आधी इथेच उतरले. ज्या चित्रकार ताईंना भेटायला चालले होते, त्यांनी फोनवरच बजावलं होतं, "आधी कागद बघून या, मग माझं काम बघा."

गावाला नावच धंद्यावरून मिळालेलं. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, त्या लोंढ्यात कागदाचे कारागीर इथे आले, असं गावात सांगतात. सुती चिंध्या कुटून लगदा करायचा, तो हौदातल्या पाण्यात ढवळायचा, साच्यावर त्याचा पातळ थर उचलून घ्यायचा, ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा आणि मग घोटून गुळगुळीत करायचा. कारागिराने साचा पाण्यात बुडवून आडवा उचलला आणि हलकेच डावी-उजवीकडे हलवला. त्या एवढ्याशा हालचालीत लगदा सगळीकडे सारखा पसरला. मी दोन ताव घेतले. जाड, किंचित पिवळसर, कडा ओबडधोबड.

ताईंचं घर खुलताबादला एका बोळात आहे. ओसरीवरच काम चालतं. चित्र म्हणावं तर त्यात माती आहे, शिवण म्हणावी तर ती कागदावर आहे. कलेच्या भाषेत याला मिश्र माध्यम म्हणतात. पिकासोने १९१२ मध्ये कॅनव्हासवर छापील मेणकापड चिकटवलं, भोवती दोर गुंडाळला आणि चित्रात काय काय मावू शकतं याची हद्दच बदलली. ताईंना हे कला महाविद्यालयात शिकवलं गेलं. पण त्यांचं काम तिथून आलेलं नाही. ते लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातून आलं आहे.

त्यांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलं. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर पांढरी माती. उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला गळती लागू नये म्हणून मातीचा नवा थर चढायचा. जुना कुणी काढत नसे. आजोबांचा थर, त्यावर वडलांचा. असं करत माळवद जड होत गेलं आणि नुसत्या मातीत रचलेल्या भिंती तो भार कशाबशा पेलत राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी याच मातीखाली. ताई तेव्हा शाळेत शिकत होत्या. त्यांचं घर तडकलं, पडलं नाही. पुढचे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये गेले.

"आमच्याकडं माती वाईट नव्हती," त्या म्हणाल्या, "थर कुणी उतरवला नाही, एवढंच."

त्यांची सगळी पद्धत या वाक्यात आहे, असं मला वाटतं. ओसरीवर दाराएवढं एक काम उभं होतं. तळाला कागजीपुऱ्याचे ताव, एकावर एक, खळीने चिकटवलेले. खळ घरची, मैदा शिजवून केलेली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. त्यावर आईच्या फाटक्या वाकळीतून सोडवलेले लुगड्याचे तुकडे. मग गावच्या गढीची पांढरी माती, वस्त्रगाळ करून डिंकात कालवलेली. थर वाळला की नवा थर आणि मग खुरपं. त्या खुरप्याने खरवडत जातात, अगदी सावकाश, कान देऊन. खाली कापड आलं की आवाज बदलतो. मातीतून लुगड्याचा लाल काठ बोटभर वर आला तसा त्यांचा हात थांबला. शेवटी दाभणाने आरपार धावदोरा घातला. टाक्यांच्या रेषेवर मातीला बारीक भेगा गेल्या होत्या. त्या त्यांनी बुजवल्या नाहीत.

मिश्र माध्यमाच्या नावाखाली मी पुष्कळ सजावट पाहिली आहे. सुतळी, जुनी किल्ली, वर्तमानपत्राचं कात्रण, दिसलं ते चिकटवलेलं. वस्तू जुनी असली म्हणजे तिला आपोआप अर्थ येत नाही. इथे प्रत्येक वस्तू आपलं काम करून आलेली आहे. माती छपरावर होती, लुगडं अंगावर आणि मग अंथरुणात. ताई किती लावतात यापेक्षा किती काढून टाकतात, यावर ते काम उभं आहे. लोक काच बसवून मागतात, त्या नाही म्हणतात. मला ते पटलं. काचेमागे त्या मातीचा पोत मरून जाईल.

निघताना त्यांनी मला वेरूळला पिटाळलं, तेही खास कैलास लेण्याचं छत बघायला. आठव्या शतकातल्या त्या देवळाला पूर्वी रंगमहाल म्हणत, कारण ते कोरून झाल्यावर गिलावा करून रंगवलं होतं. मंडपाच्या पुढच्या छतावर त्या रंगकामाचे अवशेष आहेत. चित्रावर नंतर दुसरं चित्र काढलेलं, आणि वरचं जिथे झडलं तिथे खालचं दिसतं. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, असा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे कीड दूर राहिली असावी, असं त्यात म्हटलं आहे. मला लगेच ताईंचं मोरचूद आठवलं. कैलासात लोक हत्ती आणि ध्वजस्तंभापाशी फोटो काढत होते, वर फारसं कुणी बघत नव्हतं. माझी मान दुखेस्तोवर मी बघत राहिले.

तुम्ही जाणार असाल तर मंगळवार टाळा, वेरूळ बंद असतं. कागजीपुऱ्यात सकाळीच पोचा, तेव्हा ताव भिंतीवर ओले असतात. सीताफळांचा हंगाम असेल तर दौलताबादच्या रस्त्यावर पाट्या मांडून बसलेल्या बायकांकडून घ्या, पण आधी कागद घ्या. चिकट हातांनी तो ताव हाताळू नये.