पॅराडाइम निवडताना माझे आठ महिने कसे गेले

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला मला चांगले मार्क होते. पॅराडाइम म्हणजे संशोधनामागची मूळ भूमिका. पॉझिटिव्हिझम (वास्तव बाहेर आहे, ते मोजायचं), इंटरप्रिटिव्हिझम (माणसं काय अर्थ लावतात ते समजून घ्यायचं), दोन्हीतला फरक, सगळा तक्ता पाठ, ऑन्टॉलॉजी (वास्तव म्हणजे काय) आणि एपिस्टेमॉलॉजी (ते कळतं कसं) यांच्यासकट. पण सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा प्रस्ताव, लिहायला बसले तेव्हा यातलं आपल्याला काहीतरी निवडायचंय हे डोक्यातच नव्हतं, कारण आमच्याकडे निवडतंय कोण, आधीच्यांनी सर्व्हे केला म्हणून आपणही सर्व्हे, पाच रकान्यांची प्रश्नावली, एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, त्यात दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी टी-टेस्ट, झालं.

मी जि.प. शाळेत शिक्षिका, तेव्हा मुख्याध्यापकाचा प्रभारी चार्जही माझ्याकडेच. विषय घेतला शाळा व्यवस्थापन समितीची परिणामकारकता. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई २००९) कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला पाहिजेत, शाळेचा विकास आराखडाही समितीनेच करायचा. तालुक्यातले सदस्य धरले साधारण दीड हजार, एकूण किती लोकांमागे किती जणांचा नमुना घ्यायचा ते सांगणाऱ्या क्रेजी-मॉर्गनच्या १९७० च्या टेबलात बघितलं तर नमुना ३०६. इतकं सोपं वाटलं ना तेव्हा!

पायलटसाठी, म्हणजे प्रश्नावली आधी थोड्यांवर करून बघायला, पाच शाळांतले तीस सदस्य घेतले, चाळीस विधानं. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, आला ०.९४, एकाच्या अगदी जवळ, आणि मी गाईड सरांना खुशीत फोन केला. सर म्हणाले फॉर्म घेऊन या. टेबलावर पसरले आणि मलाच कसंतरी झालं, बऱ्याच जणांनी एकच रकाना धरून वरपासून खालपर्यंत टिका मारलेल्या, कुणी सगळं 'पूर्णतः सहमत', कुणी सगळं 'सहमत', आणि उलटी विचारलेली विधानं तर मी ठेवलीच नव्हती. मग अल्फा वर जाणारच की.

त्यातला एक फॉर्म मी स्वतः भरून घेतला होता. समितीच्या अध्यक्ष होत्या त्या बाई, वाचायला येत होतं पण हळूहळू. तिसऱ्या विधानाला थांबून मला म्हणाल्या, "मॅडम, ह्यातलं कुठलं लिहिलं म्हंजी आमच्या शाळंला बरं पडंल?" मी आपलं खरं तेच सांगा वगैरे म्हटलं. फॉर्म झाल्यावर चहा ठेवला आणि मग बोलायला लागल्या. आराखडा गुरुजी करतात, बैठकीच्या इतिवृत्ताची वही पोराबरोबर घरी येते, ह्या सही करतात. पण पोषण आहाराच्या खोलीचा पत्रा गळत होता तेव्हा ह्याच चार बायका घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या, पत्रा टाकतो म्हणेपर्यंत उठल्याच नाहीत. माझ्या चाळीस विधानांत हे कुठंच बसत नव्हतं. 'विकास आराखडा तयार करताना माझे मत विचारात घेतले जाते' इथं मात्र त्यांची टिक होती, पूर्णतः सहमत.

सरांना हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, की तुमच्या शीर्षकात परिणामकारकता आहे ती कोणाच्या मते, तुमच्या की त्या बाईंच्या? मग त्यांनी ग्रीनफिल्ड वाचायला दिला. शाळा ही काही दगडधोंड्यासारखी बाहेर पडलेली वस्तू नाही, माणसं तिला जो अर्थ देतात त्यातून ती उभी राहते, असं काहीसं त्याने १९७४ ला ब्रिस्टलच्या परिषदेत मांडलं आणि शैक्षणिक प्रशासनात मोठा वाद पेटला. कोर्सवर्कला हे नाव ऐकलेलंसुद्धा नव्हतं आणि हा तर आमच्याच विषयातला माणूस!

मैत्रीण म्हणाली मिक्स्ड मेथड कर, सर्व्हेही आणि मुलाखतीही, दोन्ही पार्ट्या खूश. मोह झाला खरं सांगते. पण जी प्रश्नावली माझी मलाच पटेना ती नुसती सिनॉप्सिस मंजूर करणाऱ्या कमिटीच्या समाधानासाठी ३०६ जणांकडून भरून घ्यायची म्हणजे कागद वाया. शेवटी चार शाळा, केस स्टडी, मुलाखती, बैठकांना जाऊन बसणं आणि इतिवृत्ताच्या वह्या वाचणं असं ठरलं. शीर्षकातून परिणामकारकता काढली, सहभागाचे अर्थ टाकलं.

कमिटीपुढे व्हायचं तेच झालं. गृहीतक कुठंय? चार शाळांवरून सामान्यीकरण कसं करणार? मी म्हटलं करणारच नाहीये, तर एक सर हसले, मग पीएचडी कशाची? माझं ततपप झालं. गाईड सरांनी सावरलं, पण सिनॉप्सिस परत आला आणि असे आठ महिने गेले. त्या सरांचा मुद्दा अगदीच चूक नव्हता हेही आता वाटतं. तालुक्यात किती शाळांत वही घरी जाते हे मला सांगता येणार नाही, त्याला सर्व्हेच लागेल, आणि तो माझ्यापेक्षा बऱ्या प्रश्नांनी कुणीतरी करावा.

दुसरी भानगड मी स्वतःच. मुलाखतीला मी मॅडम म्हणून बसते, समोरची बाई पदर सावरून बोलते. आणि आमच्या शाळेतली वही? तीसुद्धा चौथीच्या एका पोराबरोबर घरोघर फिरायची, पाठवणारी मीच. संशोधक म्हणून तटस्थ वगैरे मी कशी लिहिणार, म्हणून सरांनी सांगितल्याप्रमाणे स्वतःची वेगळी डायरी ठेवलीये, तिचं प्रकरणच होईल बहुतेक.

परवा तपासणी होती, बैठक लावायला वेळ नव्हता. मधल्या सुट्टीत तो पोरगा दारात येऊन उभा, "मॅडम, वही द्या की, नेतो." दिली. संध्याकाळी डायरीत तारीख टाकून तेवढं लिहून ठेवलं.